जुन्या पेट्या की नवा चर? ग्रीसमधील एका परदेशी पुरातत्त्व संस्थेचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण अथेन्समध्ये कार्यालय असलेल्या एका परदेशी पुरातत्त्व संशोधन संस्थेचे आहे. संस्था, स्थळ आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून नावे गाळली आहेत आणि स्थळाविषयीचे काही तपशील बदलले आहेत. संस्थेपुढचा प्रश्न असा होता: ज्या टेकाडावर तिच्याच माणसांनी काही दशकांपूर्वी उत्खनन केले आणि ज्याचा अंतिम अहवाल अजूनही पुरा झालेला नाही, तिथे पुन्हा कुदळ लावायची का? पैसे हाताशी होते, परवानगीची शक्यता होती, उत्साही माणसे होती. तरीही संस्थेने पहिली काही वर्षे न खणण्याचे ठरवले. हा निर्णय कसा झाला, त्यातून काय हाती आले आणि कुठे उशीर झाला, याची ही मांडणी आहे.

पार्श्वभूमी

ग्रीसमध्ये परदेशी पुरातत्त्व संस्थांची परंपरा जुनी आहे. फ्रेंच संस्था १८४६ साली अथेन्समध्ये सुरू झाली. तिच्यामागून जर्मन संस्था १८७४ साली, अमेरिकन १८८१ साली आणि ब्रिटिश १८८६ साली आली, आणि विसाव्या शतकात हा आकडा वाढतच गेला. ऑलिंपिया, डेल्फी, कॉरिंथ, नॉसॉस, अथेन्सचा प्राचीन अगोरा अशा स्थळांची आज आपल्याला असलेली ओळख मोठ्या प्रमाणात या संस्थांच्या, त्यांच्या सभासदांच्या आणि त्यांच्याबरोबर राबलेल्या ग्रीक मजुरांच्या व अधिकाऱ्यांच्या कामातून घडली आहे.

या संस्था परक्या देशात कोणत्या अटींवर काम करतात, हे समजल्याशिवाय पुढचे प्रकरण नीट कळणार नाही. ऑलिंपियाच्या उत्खननासाठी १८७४ साली ग्रीस आणि जर्मनी यांच्यात जो करार झाला, त्यात खर्च जर्मनीने सोसायचा, सापडलेल्या वस्तूंची मालकी ग्रीसकडे राहायची आणि जर्मनीला प्रतिकृती घेण्याचा व ठरावीक काळापुरता प्रकाशनाचा अग्रहक्क मिळायचा, असे ठरले होते. त्या काळात पुरावस्तू जहाजात भरून आपल्या राजधानीत नेण्याची प्रथा सर्रास चालू होती, हे ध्यानात घेतले की या कराराचे वेगळेपण उमगते. तेव्हापासून ग्रीसमधील परदेशी संस्थेला उत्खननातून खरोखर मिळते ते एवढेच: अभ्यास करण्याचा आणि तो प्रसिद्ध करण्याचा अधिकार. याचा अर्थ असा की ज्या उत्खननाचा अहवाल निघत नाही, त्यात यजमान देशाची जमीन कायमची उकरली जाते आणि बदल्यात त्याला काहीच मिळत नाही. जमिनीतला थर एकदा काढला की पुन्हा घालता येत नाही. तो फक्त नोंदवहीत आणि खापरांच्या पेटीत उरतो.

आजची कायदेशीर चौकट मुख्यतः २००२ च्या कायद्याने, म्हणजे कायदा क्रमांक ३०२८ ने, घातली आहे; २०२१ साली त्याच्या तरतुदी कायदा क्रमांक ४८५८ मध्ये संहिताबद्ध झाल्या. १८३० पर्यंतच्या सर्व अवशेषांना तो प्राचीन वारसा मानतो. उत्खननाची परवानगी केंद्रीय पुरातत्त्व मंडळाचे मत घेऊन संस्कृती मंत्रालय देते आणि स्थानिक पातळीवर देखरेख प्रादेशिक पुरातत्त्व कार्यालयाकडे असते, ज्याला तिथे एफोरिया म्हणतात. एका परदेशी संस्थेला वर्षाला स्वतःच्या नावावर तीन आणि एफोरियाच्या सहकार्याने आणखी तीन, इतक्याच क्षेत्रीय कामांना वाव असतो. संस्थेच्या देशातील कितीही विद्यापीठांना खणायचे असले तरी त्यांना या मोजक्या जागांतूनच वाट काढावी लागते. उलट, आधी सापडलेल्या वस्तूंच्या अभ्यासाची परवानगी वेगळी असते आणि ती या मर्यादेत मोजली जात नाही.

प्रस्तुत स्थळ समुद्राजवळचे एक टेकाड आहे. कांस्ययुगापासून पुढे तिथे वस्ती होती. संस्थेने १९३० च्या दशकात तिथे काही हंगाम उत्खनन केले. ऑक्टोबर १९४० मध्ये इटलीने ग्रीसवर हल्ला केला, त्यापाठोपाठ जर्मन ताबा आला आणि नंतर १९४९ पर्यंत यादवी चालली. त्या सगळ्या काळात काम बंद होते. १९५० च्या दशकात ते पुन्हा सुरू झाले आणि काही वर्षांनी पैसे संपल्यावर थांबले. प्रमुख उत्खननकर्त्याने वार्षिक अंकांतून प्राथमिक वृत्तांत दिले आणि वास्तूंवरचा एक खंड काढला, पण मृद्भांड्यांवरचा खंड काढला नाही. त्याच्यानंतर हे काम त्याच्या शिष्याकडे आले. त्यांनी अध्यापन सांभाळून अनेक वर्षे टिपणे काढली आणि तेही वारले. शेकडो लाकडी पेट्या जवळच्या गावातील जुन्या संग्रहालयाच्या कोठारात पडून राहिल्या. प्रकाशनाचा अधिकार रूढीने संस्थेकडे होता. तो कोणी मागत नव्हते, म्हणून तो वापरला जात नाही हेही कोणाला खटकत नव्हते.

अडचण

तीन गोष्टी थोड्या काळाच्या अंतराने एकत्र आल्या आणि प्रश्न उभा राहिला.

पहिली म्हणजे संस्थेच्या देशातील एका विद्यापीठातील तरुण प्राध्यापिकेला या टेकाडावर नव्याने उत्खनन करण्यासाठी संशोधन निधी मंजूर झाला. तिची मांडणी भक्कम होती. जुन्या वृत्तांतांत जळिताचे दोन थर नोंदवलेले होते आणि त्यांवरून वस्ती दोनदा, काही पिढ्यांच्या अंतराने, आगीत गेली असा निष्कर्ष काढलेला होता. तिला हे आधुनिक पद्धतीने तपासायचे होते. कोळशाचे व जळालेल्या धान्याचे नमुने घेऊन रेडिओकार्बन कालनिश्चिती करायची, माती पाण्यात खळबळून बिया वेगळ्या करायच्या, थरांचे सूक्ष्म परीक्षण करायचे. युद्धापूर्वीच्या उत्खननात यातले काहीच शक्य नव्हते. निधीच्या अटींमध्ये मात्र क्षेत्रीय काम ठरावीक मुदतीत सुरू झाले पाहिजे, असे स्पष्ट लिहिले होते.

दुसरी गोष्ट कोठाराची. जुन्या संग्रहालयाची इमारत भूकंपाच्या दृष्टीने असुरक्षित ठरली आणि तिथल्या सर्व वस्तू नव्या कोठारात हलवण्याचा निर्णय झाला. २०१० नंतरच्या आर्थिक संकटात ग्रीसच्या पुरातत्त्व खात्यातील माणसे कमी झालेली होती. शिवाय २०१४ साली प्रागैतिहासिक-अभिजात आणि बायझंटाइन काळासाठी असलेली वेगवेगळी कार्यालये एकत्र करून जिल्हानिहाय एकच एफोरिया करण्यात आली होती. स्थळाची जुनी फाइल या पुनर्रचनेत एका कार्यालयातून दुसरीकडे गेली होती. कोणत्या पेटीत काय आहे याची यादी कोणाकडेच धड नव्हती.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक होती. टेकाडाच्या पायथ्याशी रस्त्याच्या कामात अवशेष निघाले म्हणून एफोरियाच्या एका पुरातत्त्व अधिकारी बाईंनी तिथे बचाव उत्खनन केले होते. त्यांना मिळालेली भांडी जुन्या उत्खननातील भांड्यांशी ताडून पाहणे त्यांना आवश्यक वाटत होते. पण जुन्या पेट्यांवर प्रकाशनाचा अधिकार संस्थेचा असल्याने, आपल्याच देशात, आपल्याच खात्याच्या कोठारात, आपल्या देखरेखीखाली असलेल्या वस्तू अभ्यासण्यासाठी त्यांना एका परदेशी संस्थेची संमती मागावी लागणार होती. त्यांनी ती मागितली, आणि संस्थेकडून महिनोन्‌महिने उत्तर गेले नाही, कारण उत्तर द्यायचे कोणी हेच संस्थेत ठरलेले नव्हते.

नव्या उत्खननाचा मसुदा चर्चेसाठी एफोरियाकडे गेला तेव्हा या बाईंनीच त्यावर टिपण लिहिले. त्यांनी विरोध केला नाही. त्यांनी एकच विचारले: आधीच्या उत्खननाचे प्रकाशन कोणत्या टप्प्यावर आहे आणि ते कधी पुरे होणार? या प्रश्नाला संस्थेकडे उत्तर नव्हते.

पुढे असलेले पर्याय

संस्थेच्या क्षेत्रकार्य समितीपुढे हा विषय आला तेव्हा स्वतःच्या नावावरच्या तीन जागांपैकी दोन दीर्घकाळ चालू असलेल्या प्रकल्पांनी अडवलेल्या होत्या. तिसरी मोकळी होती आणि तिच्यावर दुसऱ्या एका गटाचाही डोळा होता.

सरळ पर्याय होता परवानगीची ही मोकळी जागा वापरून नवे उत्खनन सुरू करण्याचा आणि जुन्या पेट्यांचे काम सवडीने करण्याचा. या बाजूचे युक्तिवाद हलके नव्हते. निधी गमावला तर पुन्हा मिळण्याची खात्री नसते. विद्यार्थ्यांना क्षेत्रीय प्रशिक्षण मिळते. जुन्या नोंदींची प्रत इतकी कमी आहे की त्यांवर वर्षे घालवण्यापेक्षा शेजारी एक स्वच्छ चर घेऊन थेट पुरावा मिळवणे शहाणपणाचे, असे अनेकांना प्रामाणिकपणे वाटत होते. शेवटच्या मुद्द्यावर समितीत सर्वांत जास्त चर्चा झाली. पण त्यात एक गृहीतक दडलेले होते. जुन्या नोंदी निकृष्ट आहेत असे जे बोलले जात होते, ते त्या नोंदी वाचून नव्हे, तर छापील वृत्तांतांच्या त्रोटकपणावरून. नोंदवह्या उत्खननकर्त्याच्या शिष्याच्या घरी होत्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर त्या कोणी उघडल्याच नव्हत्या.

सहकार्याच्या मार्गाने एफोरियाबरोबर संयुक्त उत्खनन करणे हा दुसरा पर्याय होता. त्यात मोकळी जागा खर्ची पडत नव्हती आणि बचाव उत्खननाची माहितीही एकत्र येणार होती. मात्र ज्यांच्या साध्या पत्राला आपण उत्तर दिले नाही त्यांच्याकडे सहकार्याचा प्रस्ताव घेऊन जाणे, हे कोणत्या तोंडाने करायचे, असा प्रश्न संचालकांनी स्वतःच उपस्थित केला.

केवळ अभ्यासाची परवानगी घेऊन पेट्या, नोंदवह्या आणि आराखडे यांवर काम करायचे आणि खणण्याचा विचार नंतर करायचा, हा तिसरा पर्याय. याने निधीच्या अटी मोडत होत्या आणि प्राध्यापिकेच्या नोकरीच्या दृष्टीने तो तोट्याचा होता; कोठारात बसून खापरांची प्रतवारी केल्याने बढती मिळते असा अनुभव कोणत्याच विद्यापीठात नाही. ही गोष्ट समितीच्या टिपणात नोंदवली गेली, हे मला महत्त्वाचे वाटते. तरुण संशोधकाने सोसायचा तोटा बहुधा कागदावर येतच नाही.

अधिकार सोडून देऊन सर्व साहित्य एफोरियाच्या हवाली करावे, असेही एका सभासदाने सुचवले. हे दिसायला उदार होते, पण माणसे अपुरी असलेल्या कार्यालयावर आपले थकलेले काम टाकण्यासारखे होते. अधिकारी बाईंनीही अनौपचारिक बोलण्यात तसेच सांगितले. त्यांना साहित्य पाहायचे होते, शेकडो पेट्यांचा भार नको होता.

निर्णय कसा झाला

निर्णय बैठकीत झाला नाही, कोठारात झाला. संचालक, प्राध्यापिका आणि अधिकारी बाई यांनी एकत्र जाऊन पाहणी करावी, असे ठरले आणि त्यांनी काही पेट्या उघडल्या. एका पेटीत वरच्या थराला नीट धुतलेली, नक्षीदार खापरे होती. त्यांच्या आतल्या बाजूला बारीक निबाने शाईत चराचे अक्षर, थराचा अंक आणि वर्ष लिहिलेले होते आणि वरून लाखेसारखा पातळ लेप दिलेला होता. त्यांखाली वर्तमानपत्राच्या पुड्या होत्या. पुडीतला कागदी चिटोरा उंदरांनी कुरतडलेला होता, पण पुडीच्या पाठीवर जाड पेन्सिलीने तोच अंक पुन्हा लिहिलेला सापडला. शेजारच्या पेटीत मात्र चिटोऱ्यांची नुसती भुकटी उरलेली होती आणि खापरांवर काही लिहिलेले नव्हते. म्हणजे एका पेटीची माहिती सुरक्षित होती, दुसरीची कायमची गेली होती आणि यांच्या मधल्या अवस्थेतल्या पेट्या प्रत्येक हिवाळ्यात दुसऱ्या अवस्थेकडे सरकत होत्या. आणि आता हे सगळे ट्रकमध्ये चढवून दुसरीकडे न्यायचे होते.

जमिनीतला थर आणखी दहा वर्षे थांबू शकतो, ही पेटी थांबू शकत नाही, अशा शब्दांत अधिकारी बाईंनी परिस्थिती मांडली. प्राध्यापिकेने त्या भेटीनंतर आपला प्रस्ताव स्वतःहून बदलला. निधी देणाऱ्या मंडळाने क्षेत्रीय कामासाठी राखलेली रक्कम परत घेतली आणि नोंदणी व प्रयोगशाळेचा भाग तेवढा चालू ठेवला. समितीने तिसरा पर्याय स्वीकारला, त्यात दुसऱ्याची शक्यता उघडी ठेवली आणि मोकळी जागा दुसऱ्या गटाला दिली. त्याच पत्रात अधिकारी बाईंना जुन्या साहित्यात पूर्ण प्रवेश आणि प्रकाशनात सहसंपादकत्व देण्यात आले.

माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील निर्णायक वळण हे सहसंपादकत्व होते. नुसती पाहण्याची संमती देऊन भागले असते. कायद्याने त्यापेक्षा जास्त काही मागितले नव्हते. परंतु संमती देणारा आणि घेणारा हे नाते जोवर टिकते तोवर दोन्हीकडची माहिती दोन वेगवेगळ्या कपाटांत राहते.

प्रत्यक्ष काम

पहिले काम नोंदवह्या मिळवण्याचे होते. शिष्याच्या कुटुंबीयांनी त्या जपून ठेवल्या होत्या, पण संस्थेने इतकी वर्षे विचारपूसही केली नाही याचे त्यांना वाईट वाटत होते आणि ते त्यांनी बोलून दाखवले. अखेर मूळ वह्या संस्थेच्या अथेन्समधील दप्तरखान्यात आल्या. त्यांच्या संगणकीय प्रती एफोरियाला कधी द्यायच्या यावर पुन्हा मतभेद झाला. दप्तरखान्याचा आग्रह प्रकाशनानंतर देण्याचा होता; संचालकांनी तो बाजूला सारून प्रती त्याच महिन्यात दिल्या.

वह्या वाचल्यावर जे समोर आले त्याने या निर्णयाचे सार्थक झाले असे म्हणता येईल. प्रत्येक थराची खोली काटेकोर लिहिलेली होती, पण ती कशापासून मोजलेली आहे हे युद्धापूर्वी आणि युद्धानंतर बदललेले होते. १९३० च्या दशकात शून्यपातळी म्हणून टेकाडाखालच्या एका शेतघराचा दगडी उंबरठा धरलेला होता. युद्धकाळात ते घर पडले. पुढच्या मंडळींनी टेकाडाच्या माथ्यावर सिमेंटचा खुंट रोवला आणि तिथून मोजायला सुरुवात केली. दोहोंतला फरक त्यांनी अंदाजाने धरला आणि छापील वृत्तांतात तो अंदाज कुठेही सांगितला नाही. छापील मजकूर वाचणाऱ्याला सगळे आकडे एकाच पातळीवरून मोजल्यासारखे दिसत होते.

हा फरक काढायचा कसा? उंबरठा उरला नव्हता. पण दोन्ही काळांतल्या चरांमध्ये एकाच दगडी भिंतीचे दोन भाग उघडे पडले होते आणि दोन्ही वह्यांत तिच्या माथ्याची पातळी नोंदवलेली होती. ती भिंत अजून जागेवर होती. नव्या मोजणीत तिचा माथा जवळजवळ समपातळीत निघाला आणि त्यावरून दोन्ही शून्यपातळ्यांमधले अंतर मिळाले. ते जुन्या अंदाजाशी जुळत नव्हते. ते अंतर आकड्यांत घातले तेव्हा युद्धापूर्वीच्या चरातला ‘वरचा’ मानलेला जळिताचा थर आणि युद्धानंतरच्या चरातला ‘खालचा’ मानलेला थर एकाच पातळीवर आले.

आकड्यांवर एवढा भरवसा टाकणे धोक्याचे होते, म्हणून खापरांकडे वळणे भाग होते. दोन्ही चरांच्या जळिताच्या पेट्या एकाच लांब टेबलावर मांडून एका मोठ्या रांजणाचे तुकडे जुळवायला घेतले. आगीने त्यांचा रंग ठिकठिकाणी वेगळा झालेला असल्याने रंगावरून काही कळत नव्हते. कडेची जाडी आणि गळ्याखालची दोरीसारखी उठावदार पट्टी एवढीच खूण होती. युद्धापूर्वीच्या पेटीतला एक तुकडा युद्धानंतरच्या पेटीतल्या तुकड्याला कडेला कड लावून बसला, पट्टी सरळ पुढे गेली आणि मग तशा आणखी जोडण्या मिळत गेल्या. एकाच रांजणाचे तुकडे काही पिढ्यांच्या अंतराने झालेल्या दोन आगींत सापडणार नाहीत. वस्ती एकदाच जळाली होती. नवा चर घेऊन हे इतक्या निःसंशयपणे कळले असते असे मला वाटत नाही. चराने आणखी एक जळिताचा थर दिला असता आणि तो ‘पहिला’ की ‘दुसरा’ यावर वाद सुरू झाला असता.

या टप्प्यावर अभ्यासाची मर्यादाही उघड झाली. जुन्या काळच्या रिवाजाप्रमाणे नक्षीदार खापरे ठेवलेली होती आणि साधी, जाडीभरडी, स्वयंपाकाची भांडी मोठ्या प्रमाणात टाकून दिलेली होती. त्यामुळे घरात रोज काय वापरले जात होते याचे प्रमाण पेट्यांवरून काढता येत नव्हते. शाळकरी वयात या उत्खननावर मातीच्या टोपल्या वाहिलेल्या एका वृद्ध गावकऱ्याने उपसलेल्या मातीचा ढीग कुठे टाकत असत ती जागा दाखवली. ती शोधायला दुसरे साधन नव्हते, कारण एकाही आराखड्यात तिची नोंद नव्हती.

आता दुसरा पर्याय उचलण्यासारखी स्थिती आली. एफोरियाच्या सहकार्याने मर्यादित कामासाठी अर्ज केला गेला: जुन्या चराची एक भिंत साफ करून तिचा छेद, म्हणजे तिच्यात दिसणारे थर, नव्याने आखणे, तिच्यालगत एक अरुंद चर घेणे आणि जुन्या मातीच्या ढिगाचा काही भाग चाळणे. ढिगातल्या खापरांना थर नसतो, पण काय टाकून दिले गेले याचे उत्तर त्यांतून मिळते. अरुंद चरातून जळालेले धान्य मिळाले, ज्याची प्राध्यापिकेला सुरुवातीपासून आस होती. कालनिश्चितीसाठी धान्य हे तुळईच्या कोळशापेक्षा भरवशाचे असते, कारण धान्य एका हंगामाचे असते, तर घराची तुळई आग लागण्याच्या कितीतरी आधी तोडलेल्या झाडाची असू शकते.

निष्पत्ती

मृद्भांड्यांच्या अभ्यासाचा पहिला खंड प्राध्यापिका आणि अधिकारी बाई या दोघींच्या संपादनाखाली निघाला. अधिकारी बाईंच्या आग्रहामुळे त्यात ग्रीक भाषेतील नुसता सारांश नव्हे, तर प्रकरणवार विस्तृत मजकूर आहे, आणि बचाव उत्खननातील भांडी त्याच वर्गीकरणात गुंफलेली आहेत. दोन आगींचे मत मागे घेतले गेले. जुळवलेला रांजण संग्रहालयात उभा आहे आणि त्याच्या माहितीफलकावर दोन्ही काळांतल्या चरांचा उल्लेख आहे.

सगळेच साधले असे मात्र नाही. काही पेट्या यादी पूर्ण होण्याआधीच नव्या कोठारात हलवाव्या लागल्या आणि त्या धावपळीत मधल्या अवस्थेतल्या कित्येक चिटोऱ्यांचा चुरा झाला. तेवढी खापरे आता केवळ ‘या स्थळाची’ एवढ्याच ओळखीने उरली आहेत. परत गेलेला निधी पुन्हा मिळाला नाही. प्राध्यापिकेची बढती लांबली. रोमन काळातील भांड्यांचा दुसरा खंड रेंगाळला आहे, कारण ज्याने ते काम घेतले होते त्या तज्ज्ञाला दुसरीकडे कायमची नोकरी लागली आणि सध्या ते साहित्य कोणाच्याच हाती नाही.

काय वेगळे करता आले असते

एफोरियाशी बोलणे निधीचा अर्ज करण्यापूर्वी व्हायला हवे होते. अर्ज मंजूर झाल्यावर सल्लामसलत केली की ती सल्लामसलत राहत नाही. समोरच्याला फक्त हो किंवा नाही एवढेच म्हणता येते. इथे अधिकारी बाईंनी तिसरे काही विचारण्याचा समंजसपणा दाखवला म्हणून निभावले. त्या जागी दुसरे कोणी असते आणि पत्राला उत्तर न मिळाल्याचा राग धरून बसले असते, तर त्यांना दोष देता आला नसता.

पेट्यांच्या बाबतीत क्रम उलटा झाला. पाहणीनंतर संस्थेने सर्वांत जास्त माणसे नोंदवह्यांच्या कामाला लावली, कारण ते बौद्धिक दृष्ट्या आकर्षक होते आणि अथेन्समध्ये बसून करता येत होते. वास्तविक वह्या सुरक्षित होत्या आणि थांबू शकत होत्या. दोन विद्यार्थी आणि एक कॅमेरा घेऊन प्रत्येक पेटी उघडायची, आतला चिटोरा आहे त्या अवस्थेत टिपायचा, मजकूर टिकाऊ लेबलावर उतरवून जुन्या चिटोऱ्यासह पिशवीत ठेवायचा आणि ओळख पक्की असलेल्या खापरांवर पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक, पुन्हा काढता येणाऱ्या राळेच्या लेपावर अंक लिहून वरून पुन्हा लेप द्यायचा, एवढे काम आधी झाले असते तर स्थलांतरात गेलेली माहिती बऱ्याच अंशी वाचली असती. त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. फक्त कोणीतरी कोठारात जाऊन बसावे लागते.

अरुंद चर घ्यायला हवा होता का, यावर संस्थेत अजून दोन मते आहेत. काहींच्या मते ढीग चाळणे आणि जुन्या छेदातून नमुने घेणे पुरेसे होते आणि नव्या चरातून निघालेली भांडी पुन्हा त्याच कोठारात पेट्या वाढवत गेली. मला हा आक्षेप अर्धाच पटतो. उघड्यावर पडलेल्या जुन्या छेदातून घेतलेल्या धान्यात वरची माती घसरून मिसळण्याचा धोका असतो, त्यामुळे ताजा चर आवश्यक होता. पण त्यातील भांड्यांच्या अभ्यासासाठी माणूस नेमल्याशिवाय अर्ज करायला नको होता, आणि रोमन थर त्या चरात वरच लागणार हे आधीच माहीत होते.

प्रकाशनाच्या अधिकाराला संस्थेने कधी मुदतच घातली नव्हती, ही खरी मुळातली गोष्ट आहे. मूळ उत्खननकर्त्याकडून शिष्याकडे आणि शिष्याकडून कोणाकडेही नाही, असा तो अधिकार केवळ सवयीने चालत आला. २००२ चा कायदा चालू उत्खननांच्या संचालकांवर प्रकाशनाची जबाबदारी टाकतो, परंतु त्याआधीच्या, बंद पडलेल्या कामांचा अनुशेष हा व्यवहारात बहुतांशी संस्थांच्या स्वतःच्या शिस्तीचा भाग राहतो. या प्रकरणानंतर संस्थेने आपल्या सर्व जुन्या स्थळांची यादी केली. कोणत्या स्थळाचे कोणते साहित्य कोणाकडे सोपवलेले आहे आणि त्यात शेवटची प्रगती कधी झाली, हे तीत लिहिलेले असते आणि ती यादी संबंधित एफोरियांना दरवर्षी पाठवली जाते. ठरलेल्या मुदतीत काम पुढे सरकले नाही तर ते साहित्य दुसऱ्या अभ्यासकासाठी खुले होते आणि त्यात ग्रीक अभ्यासकांचा अर्ज त्याच रांगेत, त्याच अटींवर घेतला जातो. रेंगाळलेल्या दुसऱ्या खंडाचे साहित्य या नियमाखाली सध्या खुले आहे आणि आलेल्या अर्जांपैकी एक त्याच एफोरियाच्या नव्या अधिकाऱ्याचा आहे.